१९६६ मस्टँग जीटीच्या एक्झॉस्ट टिप्स: एका गाडीचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीमालक मूळचा नाशिककडचा, बरीच वर्षं मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो, नोकरी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि एकदोन किरकोळ गोष्टी बाजूला ठेवल्यात, गाडीची आणि कामाची माहिती मात्र जशी आहे तशीच. माझा संबंध मित्र म्हणून आणि ज्याच्या गॅरेजमध्ये वेल्डर आणि ड्राइव्ह-ऑन लिफ्ट आहे असा माणूस म्हणून.

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छपराची), व्हीआयएन म्हणजे चॅसी नंबर ६एफ०७ए ने सुरू होतो. ६ म्हणजे १९६६ मॉडेल इयर, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना (सॅन होजेला आर, न्यू जर्सीतल्या मेटाचेनला टी), ०७ म्हणजे हार्डटॉप आणि ए म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं चार बॅरल कार्ब्युरेटरवालं व्ही-८, २२५ हॉर्सपॉवर. काटेकोर लोक मस्टँगला मसल कार (ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) न म्हणता पोनी कार (आटोपशीर, स्पोर्टी गाडी) म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, पण चार बॅरलचं व्ही-८ आणि जीटी पॅकेज (कारखान्यातून मिळणारं जास्तीचं स्पोर्टी सामान) असलेली मस्टँग बहुतेक जण मसल कारच्या रांगेतच उभी करतात, तर इथे तो वाद नको.

आधीच्या मालकाने गाडी 'जीटी' म्हणून विकली होती. समोर ग्रिलमध्ये फॉग लॅम्प, बाजूला जीटीचे पट्टे, पुढे डिस्क ब्रेक, सगळं दिसायला बरोबर. फक्त मागे गेलात की गडबड. १९६५-६६ च्या जीटीची खूणच मुळी ही की एक्झॉस्टच्या दोन क्रोम टिप्स (धुराच्या पाइपच्या टोकावरच्या नळ्या), ज्यांना सगळे ट्रम्पेट म्हणतात, तोंडाकडे रुंद होत गेलेल्या, बंपरखालच्या पत्र्यातल्या, म्हणजे व्हॅलन्स पॅनेलमधल्या कटआउटमधून बाहेर येतात. या गाडीला व्हॅलन्स साधा, कटआउटच नाही, आणि त्याच्या खालून तिरप्या कापलेल्या जाडजूड युनिव्हर्सल टिप्स लोंबत होत्या, एक थोडी आत, एक थोडी बाहेर.

अडचण नेमकी काय होती

मालकाला वाटलं अडचण सोपी आहे, टिप्स चुकीच्या आहेत, बरोबरच्या मागवू. कॅटलॉगमधून '१९६५-६६ जीटी ट्रम्पेट' मागवले, घरी आले, आणि पाइपवर चढेचनात. फोन आला, "अरे, कॅटलॉगमध्ये तर माझ्याच गाडीचं नाव लिहिलंय, मग बसत का नाही?"

कारण साधं होतं. ट्रम्पेटची मान २ इंची पाइपसाठी होती, म्हणजे साधारण ५१ मिमी. गाडीखाली कुणीतरी नंतर टाकलेला सव्वादोन इंची पाइप, बाहेरून ५७ मिमी. इथे एक गोष्ट बरेच जण घोळतात म्हणून लिहितो, एक्झॉस्ट पाइपचं माप बाहेरच्या व्यासाने सांगतात पण वरून चढणाऱ्या टिपला महत्त्व आतल्या व्यासाचं, त्यामुळे ऑर्डर करायच्या आधी कॅलिपर लावून पाइप मोजायचा आणि टिपचं आतलं माप विचारायचं. मॉडेलचं नाव बघून मागवली तर ती मूळ गाडीला बसते, आणि पन्नास-साठ वर्षं जुन्या गाडीखाली मूळ एक्झॉस्ट शिल्लक असणं जवळपास अशक्यच.

पण मापाच्याही आधीचा एक प्रश्न होता आणि तो मी मालकाला विचारला तेव्हा तो जरा गप्प झाला: ही गाडी खरंच जीटी आहे का?

पहिला निर्णय: गाडी कोण आहे ते ठरवणं

'करेक्ट टिप' नावाची एकच वस्तू नसते. १९६७ च्या मस्टँग जीटीला दुहेरी तोंडाच्या टिप्स, मागून चार तोंडं दिसतात. १९७० च्या प्लिमथ 'कुडाला आयताकृती टिप्स. त्याच वर्षीच्या चॅलेंजर टी/ए चा एक्झॉस्ट तर मागच्या चाकाच्या पुढे बाजूलाच निघतो, आणि ओल्ड्समोबिल ४४२ ला टिपसाठी मागच्या बंपरलाच खाच. इतकं लांब जायलाही नको, १९६६ च्याच मस्टँगमध्ये जीटी नसलेल्या २७१ हॉर्सपॉवरच्या के कोड (व्हीआयएनमध्ये ए च्या जागी के) गाडीला ड्युअल एक्झॉस्ट असूनही ट्रम्पेट नसायचे, पाइप व्हॅलन्सखालून निघून जमिनीकडे वळलेले. म्हणजे गाडी साधी ए कोड निघाली असती तर ट्रम्पेट लावणं म्हणजे बरोबर दिसणारी चूक झाली असती. लावू नये असं नाही, स्वतःची गाडी आहे, पण मग तिला जीटी म्हणून विकायचं नाही.

१९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांना हा त्रास कमी आहे, कारण मार्टी ऑटो वर्क्सकडे फोर्डचा प्रॉडक्शन डेटा आहे, नंबर दिला की गाडी कशी बनून बाहेर पडली त्याचा रिपोर्ट मिळतो. १९६५-६६ साठी तसा डेटा नाही. आणि दाराच्या डेटा प्लेटवर रंग, ट्रिम, अॅक्सल, गिअरबॉक्स सगळं असतं, जीटी मात्र लिहिलेलं नसतं. म्हणून या दोन वर्षांच्या नकली जीटी इतक्या फिरतात. फॉग लॅम्प, पट्टे, जीटीचं पेट्रोल टाकीचं झाकण, सगळं विकत मिळतं आणि एका शनिवार-रविवारात लावता येतं.

मग बघायचं काय? जे सहज बदलता येत नाही ते. कारखान्यात जीटी बनताना मागच्या फ्रेम रेलवर, जिथे एक्झॉस्टचा हँगर (पाइप टांगून धरणारा आधार) बोल्ट होतो तिथे, जाड रीइन्फोर्समेंट पट्टी वेल्ड केलेली असते. गाडी लिफ्टवर घेतली, खाली कित्येक थरांचं काळं अंडरकोटिंग होतं, ते हीट गन आणि प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने हळूहळू काढलं. दोन्ही बाजूंना पट्ट्या सापडल्या, कारखान्याचे स्पॉट वेल्ड स्पष्ट, बोल्टची भोकं सीलरने बुजलेली. जोडीला फॉग लॅम्पचं जुनं वायरिंग मूळ जागांवरून गेलेलं होतं आणि पुढचे डिस्क ब्रेकही त्या काळचेच, नंतरचं किट नव्हे. एका पुराव्यावर मी कधीच ठरवत नाही, पण हे सगळं एकत्र बघितल्यावर शंका उरली नाही.

त्या पट्ट्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी तेव्हा कुणी फारशी मनावर घेतली नाही. त्यांना काहीच लटकलेलं नव्हतं. एक्झॉस्टचं सगळं मागचं वजन पत्र्याच्या साध्या पट्टी-हँगरवर, भलत्याच ठिकाणी बोल्ट केलेलं होतं. पुढे सगळा घोळ इथूनच झाला.

कुठले पर्याय होते

व्हॅलन्सचे तीन. आहे त्याच साध्या व्हॅलन्सला कट मारायचा, जुना मूळ जीटी व्हॅलन्स शोधायचा, किंवा नवा रिप्रॉडक्शन (मूळ नमुन्यावरून नव्याने बनवलेला) घ्यायचा. कट मारणं सगळ्यात स्वस्त, पण पत्र्याची उघडी धार राहते, पॅनेल तिथे कमजोर होतं आणि मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यांवर गंज तिथूनच सुरू होतो, शिवाय दोन्ही बाजू हाताने सारख्या कापणं वाटतं तेवढं सोपं नाही. जुने मूळ पॅनेल मिळतात ते बहुधा आत ठोकलेले नाहीतर खालून सडलेले. मालकाने रिप्रॉडक्शन घेतला, माझंही मत तेच होतं. घेताना बॅकअप लाइटची (रिव्हर्सच्या दिव्यांची) भोकं असलेलाच घ्या, १९६६ ला हे दिवे व्हॅलन्समध्येच बसतात. आणि रंगवायच्या आधी कोरडा लावून बघा, नवे पत्रे जसेच्या तसे क्वचितच बसतात. याचीही भोकं थोडी ओढून घ्यावी लागली.

यात एक छोटं सरप्राइज निघालं. गाडीच्या मागच्या बंपरला उभे गार्ड होते, आणि जीटीला मागे ते नसतात, ट्रम्पेटच्या आड येतात म्हणून. ते काढले. मालकाला ते आवडायचे, जरा हळहळला.

टिपच्या धातूचे दोन पर्याय, क्रोम केलेलं स्टील किंवा पॉलिश केलेलं स्टेनलेस. स्टेनलेस गंजत नाही पण बंपरच्या निळसर क्रोमशेजारी ते किंचित पिवळट दिसतं, आणि या गाडीत टिप बंपरच्या अगदी खाली येते त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. क्रोम ठरलं, गाडी हिवाळ्यात बाहेर निघतच नाही म्हटल्यावर ते योग्यच.

खरा वाद पाइपच्या मापावरून. एक, शेवटी रिड्यूसर (जाड पाइपला बारीक पाइप जोडणारा तुकडा) लावून सव्वादोनचा २ इंची करायचा. दोन, टिपची मान कापून मोठी मान वेल्ड करायची. तीन, सायलेन्सरच्या मागचे दोन्ही टेलपाइप काढून मूळ आकारात वाकवलेले २ इंची रिप्रॉडक्शन टेलपाइप टाकायचे. दुसरा मी लगेच नको म्हटलं, वेल्डच्या उष्णतेने क्रोम जळतं आणि महागाची टिप कायमची बिघडते. तिसरा मला बरोबर वाटत होता. मालकाला सव्वादोन इंचीचा आवाज आवडायचा आणि पॉवर जाईल अशी भीती होती. २२५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला दोन वेगळे २ इंची पाइप म्हणजे काही गळा आवळलेला नसतो, फोर्डने तो विचार केलेलाच होता, आणि मागे पोचेपर्यंत गॅस थंड होऊन त्याचं आकारमानही कमी झालेलं असतं. पण गाडी त्याची, निर्णय त्याचा. पहिला पर्याय ठरला.

पहिला प्रयत्न

काम एका जवळच्या सायलेन्सरच्या दुकानात झालं. दोन खांबी लिफ्टवर गाडी, रिड्यूसर वेल्ड, ट्रम्पेट यू-बोल्टने आवळले, कटआउटच्या बरोबर मध्यभागी दोन्ही. लिफ्टवर बघताना फोटो काढावा असं दिसत होतं.

गाडी खाली आली आणि डावी टिप कटआउटच्या एका कडेला टेकली. दोन खांबी लिफ्ट गाडीला बॉडीखाली धरते, त्यामुळे मागचा अॅक्सल आणि लीफ स्प्रिंग खाली लोंबतात. टेलपाइप अॅक्सलवरून वळसा घेऊन जातो, लोंबलेल्या अॅक्सलवर त्याला भरपूर जागा दिसते आणि चाकांवर वजन आलं की अॅक्सल वर येऊन तीच जागा संपते. डावा पाइप अॅक्सलला लागून वर ढकलला जात होता, आणि त्याची शेपटी म्हणजे टिप.

रस्त्यावर आणखी दोन गोष्टी कळल्या. पहिल्या गिअरला जोरात उचलली की मागून ठक्क आवाज, कारण इंजिन टॉर्कने आपल्या माउंटवर कलतं, त्याच्याबरोबर सगळा एक्झॉस्ट पिळतो आणि कडक पट्टी-हँगर तो पीळ थेट टिपपर्यंत पोचवतात. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मागची काच उघडी ठेवून सिग्नलला थांबलं की आत वास येऊ लागला, हे आधी मालकाच्या बायकोच्या लक्षात आलं. रिड्यूसर बसवताना टिपचं तोंड व्हॅलन्सच्या रेषेत, उलट किंचित आतच राहिलं होतं.

या भागावर मला जरा थांबायचंय कारण लोक टिपला दागिना समजतात. १९६५-६६ मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, मध्ये वेगळा फ्लोअर नाही. टाकीच्या कडेचं सीलंट, टेललाइटचे गॅस्केट, डिकीचं रबर, यातलं काहीही सुकलेलं असलं की व्हॅलन्सच्या मागे कोंडलेला धूर डिकीत आणि तिथून मागच्या सीटच्या आडून थेट आत. एक्झॉस्टचा वास निदान येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. टिपचं तोंड व्हॅलन्सच्या स्पष्ट बाहेर असायलाच हवं, जीटीचे ट्रम्पेट तसे बाहेर येतात ते काही फक्त शोभेला नाही. आम्ही हातातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड मोजणारा) मीटर मागच्या सीटवर ठेवून गाडी आयडलवर उभी केली, आकडा चढताना दिसला, आणि त्या क्षणी गाडी चालवणं बंद केलं.

दुसरा प्रयत्न

आता तिसरा पर्याय निवडावा लागला, आणि यावेळी क्रम उलटा धरला. टिपपासून पुढे जायचं नाही, टांगणीपासून मागे यायचं.

आधी फ्रेम रेलवरच्या मूळ पट्ट्यांची भोकं साफ करून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला आणि रबरवाले जीटी पद्धतीचे हँगर तिथे बोल्ट केले. मग सायलेन्सरच्या मागे रिड्यूसर आणि तिथून मागे मूळ आकाराचे २ इंची टेलपाइप. आधीच्या सव्वादोन पाइपच्या वळणावर पाइप चपटा झालेला होता, म्हणजे ज्या जास्तीच्या व्यासासाठी मालक अडून बसला होता तो तिथे नव्हताच, हे कापलेला तुकडा हातात दिल्यावर त्यालाही पटलं.

गाडी ड्राइव्ह-ऑन लिफ्टवर, म्हणजे चारही चाकांवर उभी. टाकी अर्धी भरलेली, डिकीत स्पेअर चाक. दोन्ही टेलपाइपला अॅक्सल, शॉक, टाकी आणि ब्रेकच्या नळीपासून मोकळी जागा आहे हे हाताने चाचपून घेतलं आणि मग सायलेन्सरकडचे क्लॅम्प अर्धवट आवळले. टिप्स सगळ्यात शेवटी. कटआउटमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोचून टिप मध्यभागी धरली, मागून लांब पट्टी लावून दोन्ही तोंडं एका रेषेत आणली, बंपरपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजलं.

गॅप किती ठेवायचा यावर हिशोब केला. साधं स्टील दर १०० अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण १.२ मिमी वाढतं. पाइपची लांबी ३ मीटर धरली आणि सरासरी तापमान २०० अंशांनी चढलं असं धरलं तरी ७ मिमीच्या वर वाढ, आणि पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं असल्याने ती सगळी मागेच सरकते. म्हणजे थंड गाडीत दिसणारी टिप ही गरम गाडीतली टिप नाही, बाहेर किती ठेवायची ते गरम असताना ठरवायचं. कडेने आम्ही बोटभर जागा सोडली. दिसायला किंचित मोठी वाटते, पण रबरवर लटकलेली वस्तू हलणारच.

टिप वेल्ड करायची की क्लॅम्प? मालकाला वेल्ड हवा होता, बोल्ट दिसत नाही म्हणून. मी क्लॅम्पवर अडून बसलो. एकदा तरी गरम करून, चालवून, परत जुळवावं लागणारच हे माहीत होतं, वेल्ड केलं की ते दार बंद. आणि व्हॅलन्सच्या मागे क्लॅम्प कुणाला दिसतोय. यू-बोल्टऐवजी रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प घेतला, तो पाइपला चिमटा काढत नाही त्यामुळे पुढे टिप काढता-फिरवता येते.

शेवटी तपासणी. कटआउटच्या आतल्या कडेला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे लहान गोळे चिकटवले आणि गाडी चालवून आणली, रेल्वे क्रॉसिंग, खड्डे, पहिल्या गिअरची उचल सगळं. परत आल्यावर उजवीकडचा एक गोळा खालच्या बाजूला दबलेला. उजवा हँगर थोडा वर घेतला, परत चालवली, गोळे जसेच्या तसे. मग गरम असतानाच सगळे क्लॅम्प पूर्ण आवळले, थंड झाल्यावर परत एकदा. टेललाइटचे गॅस्केट आणि डिकीचं रबर बदललं, टाकीच्या कडेला नवं सीलंट भरलं.

काय निष्पन्न झालं

मागच्या सीटवरचा सीओ मीटर आयडलला, काच उघडी ठेवूनही, हलला नाही. ठक्क आवाज गेला. दोन्ही ट्रम्पेट मागून बघताना एका उंचीवर. आवाज आधीपेक्षा थोडा सौम्य झाला, मालक म्हणतो त्याला हाच जास्त आवडतो, आणि मला वाटतं २८९ चा खरा आवाज हाच.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मोठ्या मेळ्याला, गाडी नेली. तिथे तासन्‌तास रांगेत फर्स्ट-सेकंड गिअरवर सरकावं लागतं, एक्झॉस्टसाठी यापेक्षा कठीण परीक्षा नाही. टिपच्या मुळाशी क्रोमला हलकी सोनेरी झाक आली, ती येतेच. व्हॅलन्सचा रंग कुठेही भाजला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गाडीची ओळख पटवायची तपासणी टिप्स मागवायच्या आधी व्हायला हवी होती, आधी ऑर्डर देऊन नंतर गाडी बघितली गेली. सुदैवाने ती खरी जीटी निघाली, नसती तर व्हॅलन्स, ट्रम्पेट सगळं कपाटात पडलं असतं.

रिकाम्या पट्ट्या दिसल्या तेव्हाच काम तिथून सुरू करता आलं असतं. पहिल्या प्रयत्नात दुकानाने सांगितलं ते नीट केलं, वेल्ड चांगला होता, पण त्यांना सांगितलं गेलं 'टिप्स लावा', 'एक्झॉस्ट मूळ जागी टांगा' असं नव्हे. टेलपाइप आणि हँगर तेव्हाच बदलले असते तर रिड्यूसरचा आणि मजुरीचा खर्च दोनदा झाला नसता, आणि धुराचा प्रसंग आलाच नसता. दोन खांबी लिफ्टच असलेल्या दुकानात काम करून घ्यायचं असेल तर मागच्या अॅक्सलखाली स्टँड लावून स्प्रिंगवर वजन आणायला सांगा, एवढ्याने अर्ध काम होतं, आणि चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही.

एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं सायलेन्सरच्या पुढचा सव्वादोन इंची भागही काढून सगळा एक्झॉस्ट मूळ मापाचा करावा, मधला तो रिड्यूसर मला खटकतो. मालक म्हणतो पुढचे पाइप अजून चांगले आहेत, सडतील तेव्हा बघू. सध्या तरी रिड्यूसर आहे तिथेच आहे.